साडेनव्याण्णव

"आ करा," सिस्टर म्हणाल्या. माझ्या जिभेखाली थर्मामीटर ठेवून त्या शेजारच्या पलंगाकडे वळल्या.

मी छताकडे बघत पडून राहिलो. मला ताप नव्हता. पोटदुखी म्हणून भरती झालो होतो, पण पोटही दुखत नव्हतं. केसपेपरवर दत्ताराम मोहिते असं नाव होतं, तेही माझं नव्हतं. वॉर्ड नंबर तीनमधल्या अकरा नंबरच्या पलंगावर मी, मनोहर सबनीस, वय वर्षे चोवीस, धडधाकट माणूस, खोटं नाव घेऊन पडलो होतो. आपलं बिंग आता फुटणार या भीतीने बनियन घामाने ओलं झालं होतं.

सिस्टरांनी थर्मामीटर काढलं, खिडकीकडे धरून पाहिलं, झटकलं. पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर काहीतरी लिहिलं. मग ॲप्रनच्या खिशातून एक छोटी, जाडजूड वही काढली आणि तिच्यातही काहीतरी लिहिलं.

तक्ता असताना वही कशाला? मी मनात पहिली नोंद केली.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. मुंबईला तेव्हा इस्पितळांच्या व्यवस्थापनाचा वर्षभराचा एक अभ्यासक्रम नवीनच निघाला होता. मला डॉक्टर व्हायचं होतं, पण रक्त पाहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. इस्पितळ पुस्तकातून शिकता येतं हे कळल्यावर मी तो अभ्यासक्रम केला आणि कालव्याकाठच्या एका तालुक्याच्या गावी, श्रद्धानिधी रुग्णालयात, सहा महिन्यांच्या बोलीवर साहाय्यक व्यवस्थापक म्हणून लागलो. कायम झालो की राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. आई तेव्हा मामांकडे राहत होती. मामी तिला वाईट वागवत नव्हती, पण आई तिथे चहा करताना साखरेच्या डब्याला हात लावण्याआधी विचारायची. तेवढं मला पुरे होतं.

सहापैकी पाच महिने मी कपाटं लावण्यात आणि अहवाल सुवाच्य अक्षरात उतरवण्यात घालवले होते. मग एके दिवशी आमचे सेक्रेटरी, तात्यासाहेब निमकर, यांनी मला समोर बसवलं.

"सबनीस, तीन आणि चार नंबरचे वॉर्ड. दोन्हीकडे सर्जन एकच, ऑपरेशनं तीच. चारमधला माणूस नवव्या दिवशी घरी जातो आणि तीनमधला चौदाव्या. का?"

"माहीत नाही, साहेब."

"तेच माहीत करून घ्यायचंय. आपण नियम केला, अठ्ठेचाळीस तास ताप नसला की घरी. चारमध्ये तो चालतो. तीनमध्ये मात्र सगळ्यांना नेमका ताप येतो. बाहेर व्हरांड्यात माणसं पलंगासाठी ताटकळतात आणि आत कुणी फुकटचं जेवत पडलंय. मला वाटतं, तिथे काहीतरी देणंघेणं चालतं."

"मी रजिस्टरं तपासतो."

"रजिस्टरात काय दिसणार? तुम्ही भरती व्हा." ते हसले नाहीत. "तुम्हाला त्या बाजूला कुणी ओळखत नाही. तुम्हाला कुठेच कुणी ओळखत नाही म्हणा. दोन दिवस पडून राहा आणि बघा. ताप नसल्यामुळे तिसऱ्या दिवशी नियमाने आपोआप सुटाल. हे जमलं तर कायम करतो. नाही जमलं, तर गावात वाचनालय आहेच."

वॉर्डातल्या डॉक्टरांनाही काही सांगितलेलं नव्हतं. भेटायला कुणी यायचं नाही असंही ठरलं होतं.

वॉर्ड तीनच्या सिस्टर म्हणजे मार्था रणभिसे. पन्नाशीच्या, उंच, हाडापेराने रुंद. बोलायच्या कमी, आणि बोलायच्या तेव्हा समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायांकडे किंवा ताटाकडे बघायच्या. मला ते फार संशयास्पद वाटलं. मीही माणसांच्या तोंडाकडे बघत नाही हे त्या वेळी ध्यानात आलं नाही.

शेजारी बारा नंबरला बाबू कुदळे होता. विहिरी खणणारा. सुरुंगाचा दगड नडगीवर बसून पाय फाटला होता, त्याला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत टाके पडले होते. त्याने पहिल्याच दुपारी माझी चौकशी मांडली.

"मास्तर, तुमाला झालंय तरी काय?"

"मी मास्तर नाही."

"मग बुक कशापायी वाचताय?"

"पोट दुखतंय."

"बुक वाचून थांबतंय व्हय?" त्याने माझ्या ताटाकडे मान वळवली. "पोटदुखीवाला मानूस चार भाकऱ्या खात न्हाई. म्या बघतोय सकाळधरनं."

मी ओशाळून पुस्तक वर धरलं. चार भाकऱ्या खाल्ल्या होत्या खऱ्या. भीती वाटली की मला भूक लागते.

त्याच दिवशी चारच्या सुमारास कुदळेची बायको आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. नवऱ्याकडे जाण्याआधी ती सिस्टरांच्या टेबलापाशी गेली, काहीतरी पुटपुटली आणि गाठोडं पुढे केलं. सिस्टरांनी इकडेतिकडे बघितलं.

"ठेव तिथं खाली," त्या म्हणाल्या.

मी दुसरी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर देवस्थळी फेरीला यायच्या आधी सिस्टर पलंगापलंगाशी थांबत पुढे सरकत होत्या. प्रत्येकाशी हळू आवाजात दोन वाक्यं. कान देऊनही मला शब्द कळले नाहीत. फक्त कुदळेशी बोलताना एक तुकडा ऐकू आला, "विचारलं तर कणकण वाटते म्हणायचं. जास्त नको बोलूस."

मग डॉक्टर आले. तरुण, घाईतले, घड्याळाचा पट्टा सैल. ते रोग्याकडे नाही, तक्त्याकडे बघायचे.

"बारा नंबर. अजून साडेनव्याण्णव?"

"कणकण वाटती, सायेब," कुदळे म्हणाला. इतक्या सुरेख पडेल आवाजात की मीसुद्धा फसलो असतो.

"राहू दे. पुढे."

ते गेल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबूराव, तुम्ही इथून सुटणार कधी?"

"सिस्टर सोडतील तवा."

"सोडणार तर डॉक्टर."

कुदळेने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तुमी बुकच वाचा, मास्तर."

मला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. या बाईने वॉर्ड आपल्या मुठीत ठेवला होता. कोण राहणार आणि कोण जाणार हे ती ठरवत होती. गाठोडं ज्याचं, पलंग त्याचा. फक्त पुरावा हातात नव्हता, आणि माझी मुदत संपत आली होती. उद्या सकाळी माझे अठ्ठेचाळीस तास भरणार होते.

तिसऱ्या दिवशी फेरी आली. डॉक्टरांनी माझा तक्ता उचलला.

"अकरा नंबर. दुखतंय अजून?"

"नाही," मी म्हणालो. सुटायचंच होतं.

"हं. पण साडेनव्याण्णव आहे. राहा दोन दिवस. पुढे."

तक्ता परत अडकवून ते निघूनही गेले. मी वाकून पाहिलं. काल दुपारी चार वाजता, साडेनव्याण्णव. आज सकाळी सहा वाजता, साडेनव्याण्णव. दोन्ही आकडे सिस्टरांच्या हातचे.

मला ताप नव्हता हे या जगात दुसऱ्या कुणाला नसेल, पण मला माहीत होतं. तरी, हे सांगायला लाज वाटते, मी कपाळाला हात लावून पाहिला. माझा स्वतःवर तेवढाच भरवसा होता.

दुपारी मी त्यांना अडवलं. "सिस्टर, मला खरंच ताप आहे का?"

"आहे थोडा." नजर माझ्या ताटावर. ते पुसल्यासारखं स्वच्छ होतं. "घरी कोण आहे तुमच्या?"

ठरलेलं उत्तर मी देऊन टाकलं. "कोणी नाही."

"कोणीच?"

"कोणीच नाही."

"मग घाई कसली? राहा." आणि त्या गेल्या.

म्हणजे आता माझ्याकडून काहीतरी मिळण्याची वाट बघणार, असं मी ताडलं. गाठोडं आणणारं कुणी नाही म्हटल्यावर सरळच मागतील. मी मनात तयारी करून ठेवली, पण त्यांनी काही मागितलं नाही. मला ते आणखी धूर्तपणाचं वाटलं.

पुरावा संध्याकाळी आपल्या पायांनी चालत आला. कुदळेची पट्टी बदलायची होती. आया दुसरीकडे गुंतली होती. सिस्टर वाकल्या तशी ती वही खिशातून सरकायला लागली. त्यांनी ती काढून माझ्याकडे दिली.

"धरा जरा."

माझ्या हातात पुस्तक आलं की ते उघडलं जातं. ही माझी जन्माची खोड आहे. रक्ताकडे बघायचं नव्हतं, म्हणून मी वहीत बघितलं.

पलंग बारा. सकाळ, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. समोर पेन्सिलीचा एक ठिपका. तक्त्यावर साडेनव्याण्णव.

पलंग अकरा. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. ठिपका.

पलंग सात. एकशे एक. ठिपका नाही. तक्त्यावरही एकशे एकच.

पानामागून पान असंच होतं. खरा ताप वहीत, आणि जिथे ठिपका तिथे तक्त्यावर खोटा.

"द्या," सिस्टर म्हणाल्या. मी वही मिटून दिली. त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना काही कळलं असेल का, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला विचारत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आता बरं वाटतंय म्हणून, मी आपल्या मर्जीने घरी जात असल्याच्या कागदावर दत्ताराम मोहिते अशी सही करून बाहेर पडलो. कुदळेने हाक मारली, "मास्तर, ताप घिऊन कुटं निघालात?"

अहवाल मी तीनदा लिहिला. पहिला फार कडक वाटला, दुसरा फार मवाळ. आपल्याला शंका येतेय ती न्यायाची आहे की भित्रेपणाची, हे मला ठरवता येईना. शेवटी मी पुस्तकात शिकवलं होतं तसं केलं. मतं गाळली आणि फक्त पाहिलेलं लिहिलं. गाठोडं, कुजबूज, वही, ठिपके. आणि शेवटी, माझ्या निरोगी अंगावर नोंदलेला साडेनव्याण्णव ताप. त्याला उत्तर नव्हतं.

समितीची बैठक सोमवारी सकाळी झाली. तात्यासाहेब, डॉक्टर देवस्थळी आणि दोन विश्वस्त. मी इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो. सिस्टर आत आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि ओळखलं. चेहरा मात्र हलला नाही.

तात्यासाहेबांनी अहवाल वाचून दाखवला. "हे खरं?"

"हो."

"रोग्यांकडून वस्तू घेतल्या?"

"शेवग्याच्या शेंगा घेतल्या. आमटी केली." जरा थांबून त्या म्हणाल्या, "अंडीपण एकदा."

"आणि त्या बदल्यात ताप लिहिला."

"शेंगांसाठी नाही, साहेब. टाक्यांसाठी."

"म्हणजे?"

"ताप दोन दिवसांत उतरतो. टाके बारा दिवसांनी निघतात. तुमच्या नियमात टाक्यांचं काही नाही. टाक्यांसकट घरी पाठवलेला माणूस ते काढायला परत येत नाही. वीस मैल लांब, एसटी फाट्यापर्यंत, पुढे चालायचं. तो घरीच बाभळीच्या काट्याने दोरा ओढतो. मग परत येतो तेव्हा पाय काढायला येतो. मी डॉक्टरांना दोनदा सांगितलं होतं."

डॉक्टर देवस्थळी घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.

"नियम तुम्ही करायचा नाही, सिस्टर," तात्यासाहेब म्हणाले. "आणि यांना का लिहिला? यांना तर एकही टाका नव्हता."

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. तात्यासाहेबांनाच सांगितलं. "तीन दिवसांत यांना भेटायला कोणी आलं नाही. ताटात कण ठेवत नव्हते. दिवसभर पुस्तकामागे तोंड. घरी कोण विचारलं तर कोणी नाही म्हणाले. म्हटलं, दोन दिवस जेवू देत."

त्यांनी खिशातून वही काढून टेबलावर ठेवली. "ही ठेवा. यात सगळं खरं आहे."

तात्यासाहेबांनी वही टेबलावरून पुढे ढकलली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ठीक आहे. सबनीस, काम चोख केलंत. क्वार्टरची किल्ली घ्या आणि आईंना घेऊन या."

सिस्टर दाराशी पोचल्या होत्या. त्या थांबल्या.

"आई आहे तुम्हाला?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, खरंच कोणी नाही."

आणि गेल्या. त्याच आठवड्यात त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला.

आई आली. पहिल्या दिवशी तिने कुणाला न विचारता चहा केला. मी तो प्यालो, पण आवडला की नाही हे आठवत नाही.

बाबू कुदळेला बैठकीच्या संध्याकाळीच घरी पाठवलं होतं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नियमाप्रमाणे. अकराव्या दिवशी चौघांनी त्याला बाजेवर घालून आणलं. पाय फुगून काळानिळा झाला होता, वास व्हरांड्याच्या टोकापर्यंत येत होता. आता मी भरतीच्या टेबलामागे होतो. मला ओळखायला त्याला वेळ लागला.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमचं पोट काय म्हनतंय?"

मी भरतीचा कागद पुढे ओढला. बायको बाजेचा खूर धरून उभी होती. तिच्या हातात या वेळी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

वही माझ्याच कपाटात होती, पुरावा म्हणून. मी ती काढली आणि भरतीच्या जुन्या रजिस्टरांशेजारी ठेवली. हे काम मला येत होतं. वॉर्ड तीनमधले दोन वर्षांतले ठिपकेवाले चौऱ्याण्णव जण. त्यांतले परत भरती झालेले तीन. चार नंबरमधून नियमाने गेलेले, टाके अंगावर असलेले एकशे सात. त्यांतले परत आलेले एकतीस. त्यांतल्या नऊ जणांपुढे लाल शाईत अवयव कापल्याचा शेरा होता. न परतलेल्यांचं काय झालं ते कोणत्याच रजिस्टरात नव्हतं.

टाके काढल्याशिवाय कुणाला घरी पाठवू नये, एवढं एक वाक्य नियमात घालायला मला पाच महिने लागले. तात्यासाहेबांनी शेवटी सही केली आणि पेन बंद करत म्हणाले, "सबनीस, म्हणजे सरासरी परत चौदावर जाणार."

"हो, साहेब."

"मग तुम्हाला तिथे झोपवून आपण मिळवलं काय?"

मी कागद उचलला आणि बाहेर आलो.

सिस्टर रणभिसे तेव्हा भावाच्या गावी एका छोट्या दवाखान्यात काम करत होत्या. मी रविवारी एसटीने गेलो. फाट्यावर उतरून अडीच मैल चालत. पिशवीत वही होती आणि नव्या नियमाची प्रत. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्य पुस्तकातलं वाटत होतं.

दवाखान्यापुढे लिंबाच्या सावलीत दहाबारा माणसं बसली होती. सिस्टर दारात स्टुलावर बसून एकेकाला बघत होत्या. मी रांगेत बसलो. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आधी माझ्या धुळीने भरलेल्या चपलांकडे पाहिलं.

मी वही आणि कागद पुढे केला. त्यांनी कागद वाचला. सावकाश, दोनदा. मग घडी करून वहीत घातला आणि वही ॲप्रनच्या खिशात टाकली.

"कुदळे?" त्यांनी विचारलं.

"डावा पाय गेला. गुडघ्याखाली."

त्यांनी मान हलवली. मागे उभ्या असलेल्या बाईच्या कडेवरचं मूल रडत होतं, तिकडे एकदा बघितलं.

"सिस्टर," मी सुरुवात केली, "मला तुम्हाला सांगायचं होतं की त्या वेळी मी—"

"आ करा."

मी बघतच राहिलो.

"आ करा म्हटलं."

मी तोंड उघडलं. त्यांनी कपातलं थर्मामीटर काढून पुसलं, झटकलं आणि माझ्या जिभेखाली ठेवलं. "बोलायचं नाही. दोन मिनिटं."

दोन मिनिटं फार मोठी असतात. जुळवलेली सगळी वाक्यं जिभेखाली अडकून राहिली. मागच्या म्हाताऱ्याने कुणाला तरी विचारलं, या सायबाला काय झालंय. ते मूल रडायचं थांबून माझ्याकडे बघायला लागलं.

सिस्टरांनी थर्मामीटर काढलं. उजेडाकडे धरलं. बराच वेळ पाहिलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "ताप नाही. आई वाट बघत असेल, घरी जा."

आणि मागच्या बाईला त्यांनी हाताने पुढे बोलावलं.